हिशेब कुणाकडे मागायचा? अर्जेंटिना, चिली, दक्षिण आफ्रिका आणि स्पेन

कुठे हुकूमशाही कोसळली की आपल्याकडे चर्चेचे दोन गट पडतात. एक म्हणतो, सगळ्यांना तुरुंगात टाका. दुसरा म्हणतो, मंडेलांसारखं मोठं मन दाखवा, झालं गेलं विसरून जा. २०२४ मध्ये हे दोनदा झालं, ऑगस्टमध्ये ढाक्याच्या (शेख हसीना) निमित्तानं आणि डिसेंबरात दमास्कसच्या (बशर अल-असद). गंमत म्हणजे मंडेलांच्या देशानं 'विसरून जा' असं कधी म्हटलंच नव्हतं. आणि खटल्यांसाठी नावाजलेल्या अर्जेंटिनालाही पहिली वीस वर्षं 'सगळ्यांना तुरुंगात' टाकणं जमलं नाही.

तुम्हाला या विषयावर स्वतःचं मत बनवायचं असेल, मग ते वादविवाद स्पर्धेसाठी असो, लेखासाठी असो की नुसतं घरातल्या वादात ठाम बोलता यावं म्हणून, तर चार देश शेजारी शेजारी ठेवून बघा. अर्जेंटिनानं खटले भरले. चिलीनं आधी सत्य नोंदवलं आणि न्याय जमेल तसा केला. दक्षिण आफ्रिकेनं कबुलीच्या बदल्यात माफी दिली. स्पेननं विषयच बंद केला.

माझा कल आधीच सांगतो. शिक्षा वीस-तीस वर्षं उशिरा झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. जळालेली फाईल आणि मेलेला साक्षीदार मात्र कुणालाच परत मिळालेला नाही. त्यामुळे शिक्षा की माफी हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न, पुरावा कोण गोळा करणार आणि कधी.

सत्ता गेली कशी?

या चार देशांनी चार वाटा निवडल्या असं आपण म्हणतो, पण निवडीला वाव किती होता ते आधी बघायला हवं.

अर्जेंटिनाच्या लष्करानं २४ मार्च १९७६ ला सत्ता घेतली आणि १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटनकडून मार खाल्ला. युद्ध हरलेलं, अर्थव्यवस्था बुडवलेलं लष्कर तोंड लपवत बराकीत गेलं. जाता जाता त्यांनी दोन कामं मात्र केली: स्वतःलाच माफी देणारा कायदा काढला आणि दडपशाहीची कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम सोडला. १० डिसेंबर १९८३ ला राऊल आल्फोन्सिन अध्यक्ष झाले, तेव्हा तो माफीचा कायदा रद्द करण्याइतकी ताकद त्यांच्याकडे होती. जळालेल्या कागदांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

चिलीत हुकूमशहा पिनोशे हरला तो मतपेटीत, ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात, आणि तेही ४४ टक्के मतं मिळवून. हरल्यावरही राज्यघटना त्याचीच, सर्वोच्च न्यायालय त्यानं भरलेलं, तोवरच्या गुन्ह्यांना माफी देणारा १९७८ चा हुकूम जागेवर, आणि तो स्वतः मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख. नवे अध्यक्ष पात्रिसियो अल्वीन 'शक्य असेल तेवढा न्याय' म्हणाले, त्याबद्दल त्यांना पुष्कळ टोमणे मिळाले. पण १९९३ च्या मे महिन्यात पिनोशेच्या मुलाच्या चेक प्रकरणाची चौकशी पुन्हा उघडली, तर लष्करानं सांतियागोच्या मध्यवस्तीत युद्धाच्या वेशातले सैनिक उभे केले. अल्वीननी आल्फोन्सिनसारखं का केलं नाही, हे विचारणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

दक्षिण आफ्रिकेत कुणीच निर्णायक जिंकलेलं नव्हतं. १९९४ ची निवडणूक सुरळीत पार पाडायची तर जुनीच पोलीस आणि लष्करी यंत्रणा लागणार होती, आणि त्या यंत्रणेला उद्या फासावर लटकवणार असं सांगून ती कामाला लागली नसती. म्हणून १९९३ च्या अंतरिम घटनेच्या अगदी शेवटी माफीचं कलम आलं. स्पेनमध्ये तर हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये हॉस्पिटलात, म्हातारपणानं गेला. राजवट हरली नाही, तिनं स्वतःच कूस बदलली.

अर्जेंटिना: खटला, माघार आणि पुन्हा खटला

आल्फोन्सिननी सत्तेवर आल्यावर काही दिवसांतच बेपत्ता माणसांचा शोध घेणारा आयोग नेमला. अध्यक्षपदी लेखक एर्नेस्तो साबातो. आयोगाकडे कुणाला बोलावून घेण्याची सक्ती करायचे अधिकार नव्हते, तरी नऊ महिन्यांत ८,९६० बेपत्ता माणसं आणि ३४० च्या आसपास गुप्त छळछावण्या नोंदवल्या गेल्या. मानवी हक्क संघटना बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात, आणि तिथं हा वाद अजून चालू आहे. माझ्या मते, आकड्यावर वाद घालता येतो याचंच कारण लष्करानं नोंदी जाळल्या हे आहे.

लष्करी राजवटीच्या नऊ म्होरक्यांवरचा १९८५ चा खटला मुळात मुलकी न्यायालयात चालणार नव्हता. आधी लष्कराच्याच सर्वोच्च न्यायमंडळाला संधी दिली. त्यांनी टाळाटाळ केली, आपल्या अधिकाऱ्यांचे हुकूम निर्दोष ठरवले, तेव्हा ब्युनोस आयर्सच्या फेडरल न्यायालयानं प्रकरण हाती घेतलं. सरकारी वकील हुलिओ सेसार स्त्रासेरा आणि त्यांचे तरुण सहकारी लुईस मोरेनो ओकाम्पो यांनी हजारो प्रकरणांतून सातशेच्या आसपास निवडली. आठशेहून जास्त साक्षीदार तपासले. डिसेंबरमध्ये निकाल लागला: राजवटीचा प्रमुख विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप, तिघांना कमी-जास्त शिक्षा, चौघे निर्दोष. नऊपैकी चौघे सुटले याबद्दल तेव्हा संताप झाला. आज मागे वळून पाहताना त्या खटल्याचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र मला हेच वाटतं. आरोपी न्यायालयाच्या आवाक्यात, प्रत्येकाच्या बचावाला वकील, आणि पुरावा कमी पडला तिथं सुटका.

पुढे काय झालं ते मात्र खटल्याचे पुरस्कर्ते भराभर सांगून मोकळे होतात. खालच्या अधिकाऱ्यांवरचे खटले वाढू लागले तशी लष्करात कुरबूर सुरू झाली. सरकारनं डिसेंबर १९८६ मध्ये 'पूर्णविराम' कायदा आणला: ६० दिवसांत ज्यांच्यावर आरोप ठेवले जातील तेवढेच, बाकीचे सुटले. घडलं उलटंच. न्यायालयांनी सुट्ट्या रद्द करून शेकडो अधिकाऱ्यांवर झपाट्यानं आरोप ठेवले. १९८७ च्या ईस्टरला लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको आणि त्याच्या साथीदारांनी काम्पो दे मायोच्या लष्करी तळावर बंड केलं, आणि दोन महिन्यांत 'वरिष्ठांचा हुकूम पाळला' म्हणून खालच्यांना सोडणारा दुसरा कायदा आला. उरलेसुरले १९८९-९० मध्ये अध्यक्ष मेनेम यांच्या माफीत सुटले. विदेला घरी गेला.

मग दार पुन्हा उघडलं कसं? मुख्य कारण, आयोगानं आणि खटल्यानं गोळा केलेली हजारो पानं शाबूत होती, आणि ती मोठी होत होती. १९८४ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ क्लाईड स्नो यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी न्यायवैद्यक मानववंशशास्त्राचं पथक उभं केलं होतं. ते पथक निनावी कबरी उकरून हाडांना नावं देत राहिलं. ब्युनोस आयर्सच्या प्लासा दे मायो चौकात निदर्शनं करणाऱ्या आज्या पळवलेल्या नातवंडांचा शोध घेत होत्या. त्यांच्यामुळे आजवर १३० हून जास्त मुलांना आपली खरी ओळख कळली. बाळं पळवण्याचा गुन्हा त्या माफीच्या कायद्यांत बसवलेलाच नव्हता, त्यामुळे तेवढी फट उघडी होती आणि विदेला १९९८ मध्ये त्याच फटीतून पुन्हा अटकेत आला. १९९५ मध्ये नौदलाचा अधिकारी आदोल्फो सिलिंगो यानं कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून खाली फेकल्याची जाहीर कबुली दिली. २००३ मध्ये संसदेनं ते दोन्ही कायदे रद्दबातल ठरवले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून हजाराहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला.

किंमतही धरा. १८ सप्टेंबर २००६ ला हुलिओ लोपेस हा गवंडी, पोलीस अधिकारी एचेकोलात्सविरुद्धचा मुख्य साक्षीदार, निकालाच्या आदल्या दिवशी बेपत्ता झाला. लोकशाहीत, तेवीस वर्षांनंतर. त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

दक्षिण आफ्रिका: माफी फुकट नव्हती

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे माफी मिळवायला पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. रडायची गरज नव्हती, पाया पडायची नव्हती. अटी होत्या दोन: कृत्यामागे राजकीय हेतू असला पाहिजे, आणि सगळं खरं सांगितलं पाहिजे, तेही नावानिशी, बहुतेक वेळा उघड सुनावणीत. आपल्या फौजदारी कायद्यातला माफीचा साक्षीदार असतो ना, तसंच काहीसं. फक्त हा दुसऱ्याविरुद्ध कमी आणि स्वतःविरुद्ध जास्त बोलतो.

१९९७ मध्ये केप टाऊनचा पोलीस जेफ्री बेंझिन याला त्याच्या बळींनी समोरासमोर प्रश्न विचारले. त्यांतल्या टोनी येंगेनींनी सांगितलं, ओल्या पिशवीनं श्वास कसा कोंडायचास ते करून दाखव. त्यानं सगळ्यांसमोर जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसावर ते करून दाखवलं. मग त्यानं उलट येंगेनींनाच आठवण करून दिली की तुम्ही त्या छळापुढे साथीदाराचं नाव फोडलं होतं. बेंझिनला १९९९ मध्ये माफी मिळाली. कुठल्याही फौजदारी खटल्यात असं दृश्य तुम्हाला दिसणार नाही, कारण तिथं आरोपीचा वकील त्याला तोंड उघडू देत नाही. हे या मार्गाचं खरं बळ. आणि येंगेनींच्या जागी बसून बघितलं तर हाच त्याचा क्रूरपणा.

सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. म्हणजे सरसकट माफी अजिबात नव्हती. पण अर्ज कोणी केले? बहुतांश खालच्या फळीतल्यांनी, आणि त्यातले कित्येक आधीच तुरुंगात असलेले. सेनापती आणि मंत्री अपवादानंच आले. माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मालान आणि त्यांचे सहआरोपी ऑक्टोबर १९९६ मध्ये एका हत्याकांडाच्या खटल्यातून सुटले, त्यानंतर वरच्यांना कळून चुकलं की कबुली दिली नाही तरी फारसं बिघडत नाही. माजी अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा तर आयोगापुढे आलेच नाहीत. माफीचा सौदा चालतो तो मागे खटल्याची भीती असेल तोवर.

ही भीती नंतर उरलीच नाही. माफी नाकारलेल्यांवर किंवा न आलेल्यांवर खटले भरावेत म्हणून आयोगानं तीनशेच्या आसपास प्रकरणं सरकारकडे सोपवली. हातावर मोजण्याइतकी न्यायालयात पोहोचली. वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूला जबाबदार पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली गेली, तरी त्यांच्यावर खटला झाला नाही. बिको कुटुंबानं तर १९९६ मध्येच घटनात्मक न्यायालयात या माफीला आव्हान दिलं होतं आणि ते हरले होते. माफीनं फौजदारीच नव्हे, नुकसानभरपाईचा दिवाणी हक्कही जात होता. भारतीय वंशाचे शिक्षक अहमद टिमोल १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून 'उडी मारून' मेले अशी नोंद होती. ती आत्महत्या नव्हती, खून होता, असं न्यायालयानं म्हटलं २०१७ मध्ये, तेही घरच्यांनी पाठपुरावा केला म्हणून. हे खटले कुणी मुद्दाम अडवले का, हे तपासायला खुद्द अध्यक्ष रामाफोसांना २०२५ मध्ये वेगळा चौकशी आयोग नेमावा लागला.

पैशाचंही तसंच. आयोगानं पीडितांना सहा वर्षं दरवर्षी मदत सुचवली होती. सरकारनं २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड देऊन हात झटकले. मारेकऱ्याला माफी लगेच आणि पीडिताला भरपाई उशिरा, अपुरी. शिवाय आयोगाच्या कक्षेत खून, छळ, अपहरणं होती. कृष्णवर्णीयांना फिरण्यासाठी परवाना बाळगायला लावणारे पास कायदे आणि लाखो लोकांचं सक्तीचं विस्थापन, म्हणजे वर्णद्वेषाचा रोजचा धंदा, बाहेरच राहिला.

चिली: चिकाटीचा मार्ग

अल्वीन यांच्या सरकारनं १९९० मध्ये आठ जणांचा आयोग नेमला, निम्मे पिनोशेच्या बाजूचे. म्हणूनच त्याचा अहवाल 'विरोधकांचा प्रचार' म्हणून उडवता आला नाही. २,२७९ मृत आणि बेपत्ता, नावानिशी. मारेकऱ्यांची नावं मात्र नाहीत. हा आयोग वर्षभरात काम संपवू शकला, कारण कॅथलिक चर्चच्या विकारिआ दे ला सोलिदारिदाद या संस्थेनं हुकूमशाही चालू असतानाच हजारो हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असे अर्ज, लावले होते. ते जवळपास सगळे फेटाळले गेले, पण प्रत्येकाची फाईल जपून ठेवली होती. तेव्हा कुणाला वाटलं असेल, या फेटाळलेल्या अर्जांचा काय उपयोग!

ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पॅनिश न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवर पिनोशेला लंडनमध्ये अटक झाली आणि चिलीच्या न्यायालयांनाही कंठ फुटला. त्यांची युक्ती मला फार आवडते. माणूस पळवला आणि त्याचं प्रेत सापडलं नाही, तर कायद्याच्या नजरेत अपहरण अजून चालूच आहे; आणि चालू असलेल्या गुन्ह्याला १९७८ पर्यंतची माफी लागू होत नाही. प्रेतं लपवून पुरावा नाहीसा केला, तेच मारेकऱ्यांच्या अंगावर आलं. गुप्त पोलिसांचा प्रमुख मानुएल कोंत्रेरास शेकडो वर्षांच्या शिक्षा डोक्यावर घेऊन २०१५ मध्ये मेला. पिनोशे मात्र २००६ मध्ये कुठल्याही शिक्षेविना गेला, आणि हजाराहून अधिक बेपत्तांचा शोध अजून संपलेला नाही.

स्पेन

स्पेनवर लिहिण्यासारखं कमी आहे, कारण केलंच कमी. ऑक्टोबर १९७७ चा माफीचा कायदा निवडून आलेल्या संसदेनं केला आणि डाव्यांनी तो उचलून धरला. आपले लोक तुरुंगातून सुटावेत म्हणून. त्याच कायद्यात फ्रँकोचे पोलीसही सुटले. चिलीतला माफीचा हुकूम हुकूमशहाचा होता, त्यामुळे न्यायालयांना पुढे तो वाकवता आला. इथं लोकशाहीचीच सही, म्हणून तो आजवर हलला नाही. पिनोशेला पकडणाऱ्या गार्सोननी २००८ मध्ये मायदेशातल्या १ लाख १४ हजार बेपत्तांची चौकशी सुरू केली, तर त्यांच्यावरच खटला भरला गेला. त्यात ते सुटले, पण दुसऱ्या प्रकरणात न्यायाधीशपद गेलं. शेवटी स्पॅनिश पीडितांना २०१० मध्ये फिर्याद घेऊन ब्युनोस आयर्सच्या न्यायालयात जावं लागलं. लोकशाही टिकली हे खरं. पण आजोबांची हाडं रस्त्याकडेच्या खड्ड्यातून काढायला नातवंडांनी २००० साली स्वतः फावडी उचलली, हेही खरं.

आपल्याकडचे दोन धागे

गोव्यात जन्मलेला कासिमिरो मोंतेरो हा पोर्तुगीज पोलिसांचा एजंट स्वातंत्र्यसैनिकांच्या छळासाठी कुप्रसिद्ध होता. गोवा मुक्त झाल्यावर तो पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ मध्ये विरोधी नेते जनरल देल्गादो यांच्या खुनात गोळी झाडणारा तोच होता. १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालनं त्याला शिक्षा सुनावली, त्याच्या गैरहजेरीत, आणि ती देल्गादोंसाठी. तो दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि तिथेच, शिक्षा न भोगता मेला.

दुसरा धागा आणीबाणीचा. प्रमाण फारच वेगळं, त्यामुळे तुलना ताणू नये. पण आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं १९७८ मध्ये अहवाल दिले, १९७९ मध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला, आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत निवडून आल्यावर सगळं थांबलं. केरळात पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या राजन या विद्यार्थ्याचं प्रेत वडिलांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

मग ठरवायचं कसं?

जुनं लष्कर मोडून पडलं असेल तर खटले भरा, पण वरच्या मोजक्यांपासून सुरुवात करून, आणि सुटकेची शक्यता खरी ठेवून. जुनी यंत्रणा अजून ताकदवान असेल तर चिलीकडे बघा: सगळं नोंदवा, आणि नव्या संसदेची सही कुठल्याही माफीवर पडू देऊ नका. माफी द्यायचीच वेळ आली तर दक्षिण आफ्रिकेसारखी व्यक्तिगत आणि सशर्त, पण आधी सरकारी वकिलांची फौज आणि पैसा तयार ठेवून. नाहीतर मोठे मासे येत नाहीत. स्पेनचा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही. स्पेनमध्ये फ्रँकोचे वारस समाधानी होते म्हणून तो शांत दिसला.

पीडितांना काय हवंय ते विचारा, हे सांगणं सोपं. प्लासा दे मायोवर जमणाऱ्या बेपत्तांच्या आयांमध्येच १९८६ मध्ये फूट पडली. एका गटानं भरपाई आणि कबरी उकरणं दोन्ही नाकारलं, कारण हाडं स्वीकारणं म्हणजे मुलाचा मृत्यू मान्य करून राज्याला मोकळं सोडणं. दुसऱ्या गटाला हाडं हवी होती. दोन्हीपैकी कुणालाही चूक म्हणायचा माझा अधिकार नाही.

या चौकटीत ढाका ठेवून बघा. १७ नोव्हेंबर २०२५ ला शेख हसीनांना गैरहजेरीत फाशी सुनावली गेली. आरोपी समोर नाही, न्यायाधिकरण तेच जे हसीनांच्या सरकारनं आपल्या विरोधकांसाठी वापरलं होतं. दुसरीकडे माजी पोलीसप्रमुख माफीचा साक्षीदार होऊन पाच वर्षांवर सुटला. १९८५ च्या ब्युनोस आयर्सशी याची बरोबरी होत नाही. पण त्याच देशात सक्तीनं बेपत्ता केलेल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाकडे दीड हजाराहून अधिक तक्रारी आल्या आहेत. निकालपत्रावर वाद घालण्याआधी मी विचारीन की ते दप्तर कुठे ठेवलंय, त्याच्या प्रती देशाबाहेर आहेत का, आणि पुढचं सरकार, मग ते कुणाचंही येवो, आल्यावर किल्ली कुणाकडे राहणार.